जाळ्याचा वाटा

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
२० ऑगस्ट १९९०

रतन,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळींची नोटीसच ती. "प्रिय चंद्रा" नाही, "कशी आहेस" नाही. म्हणून मीही वर नुसतं "रतन" लिहिलंय. फिट्टंफाट.

तू विचारतेस, कोणाला विचारून माझं नाव निबंधावर छापलंस? कोणालाही विचारून नाही. फणसे सरांनी मला हटकलं होतं, "रतनला कळवलंत का?" मी म्हटलं, "त्यात कळवायचं काय, सर? तिचंच आहे ते." त्यावरून सरांना वाटलं की तुझा होकार आलाय. त्यांचा यात काही दोष नाही, तेव्हा त्यांना पत्रबित्र लिहू नकोस.

अमेरिकेत राहून विसरली असशील तर आठवण करून देते. आपण दोघी एकाच जूनमध्ये सरांकडे पीएच.डी.ला लागलो. काम एकच, काचेवर कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ थर चढवायचा आणि त्या थराकडून उन्हाची वीज करून घ्यायची. तू कॅडमियम घेतलंस, कारण त्याचे आकडे चांगले येतात. मी कथील आणि गंधक घेतलं. तेव्हा तू मला म्हणालीस, "चंद्रे, कल्हईवाल्याची पोरगी आहेस का गं?" मी म्हटलं, कोळ्याची आहे, म्हणूनच घेतलंय. कल्हईच्या पातेल्यातली आमटी आपण पिढ्यान् पिढ्या खातोय आणि त्यानं कोणी मेलेलं नाही. उद्या गावोगावी छपरांवर असल्या काचा लावायच्या झाल्या तर त्यातला माल सहज मिळणारा हवा, आणि एखादी काच फुटून विहिरीत पडली तरी कोणाच्या पोटात विष जायला नको. एवढाच माझा विचार होता आणि अजूनही तेवढाच आहे.

पण थर चढवायचा कशानं? तुझ्या फवाऱ्यानं. बर्नरवर काचेची नळी वितळवून, बोटं भाजून घेऊन तू त्याचं तोंड सुईसारखं बारीक केलंस. तापलेल्या काचेवर द्रावणाचं नुसतं धुकं पडायचं त्यातून. जाताना तो टेबलावर ठेवून म्हणालीस, "वापर." मी वापरला. निबंधात ज्या ज्या थराची मापं दिली आहेत तो प्रत्येक थर त्याच फवाऱ्यातून उतरलाय.

आता आमच्याकडची रीत ऐक. होडी खाडीतून परत आली की मासळीचे वाटे पडतात. होडीत गेलेल्या माणसांचे वाटे असतात, एक होडीचा असतो आणि एक जाळ्याचा. ज्याचं जाळं त्याचा वाटा, मग तो होडीत असो, अंथरुणावर असो, नाहीतर नोकरीसाठी परगावी असो. शेजारचे गोमाजीनाना वारले, पण त्यांचं जाळं अजून चालतंय, म्हणून बाबा आजही त्यांच्या सखुबाईच्या ओट्यावर टोपली ठेवून येतात. "हवा का?" असं विचारत नाहीत. विचारलं की ती भीक होते. आणि दारी आलेला वाटा कोणी परत पाठवत नाही. पाठवलाच, तर त्या घरानं आपल्याशी संबंध तोडला असं समजायचं.

तू वाटा परत पाठवलास. आता मी काय समजायचं ते तूच सांग. मला राग आलाय आणि वाईटही वाटलंय. दोन्ही लिहून टाकते, म्हणजे तुला ओळींच्या मधे शोधत बसायला नको.

आईनं विचारलं, "रतनची चिठ्ठी आयली का गो?" मी म्हटलं, आली, खुशाल आहे.

चंद्रभागा

&nbsp;

ठाणे
भाऊबीज, १९९०

रतन,

दिवाळीच्या सकाळी डोंबिवलीला गेलेले. पीएच.डी. सांभाळून मी कॉलेजात शिकवते त्या वर्गातल्या पोरींनी हट्टच धरला, "मिस, फडके रोडला चला ना, सगळे येतात." गेले. सगळी डोंबिवली नवे कपडे घालून एकमेकांना बघायला आलेली. मी आपली जुनीच साडी नेसून कडेकडेनं चालले होते, तर गणपतीच्या देवळापाशी तुझी आई भेटली.

काकू मला ओढत घरी घेऊन गेल्या. चकल्या दिल्या, चिवडा दिला, आणि मग पदरानं डोळे पुसत सगळं सांगितलं. तुझ्या तिथल्या, कॅडमियमवरच काम करणाऱ्या साहेबांनी आपला निबंध वाचला म्हणे. पहिल्याच पानावर लिहिलंय की कॅडमियमसारखं विष टाळणं हे या क्षेत्रातल्या माणसांचं कर्तव्य आहे, आणि खाली तुझं नाव. साहेबांनी तुला बोलावून विचारलं, "मग इथे माझ्या प्रयोगशाळेत तू काय करते आहेस?" तुझी नेमणूक दरवर्षी नव्यानं होते आणि यंदाची अडकून पडली आहे, हेही काकूंनीच सांगितलं. तुझ्या चार ओळींत यातलं काहीच नव्हतं. असतं तर मी तुला रीती शिकवत बसले नसते.

ते वाक्य माझं आहे आणि मी ते मागे घेणार नाही. कॅडमियमची भांडी धुतलेलं पाणी कुठे जायचं यावरून आपण दोघी किती भांडलो ते आठव. शेवटी सरांनी ते कॅनमध्ये भरून ठेवायला लावलं आणि तू आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हतीस. पण ते वाक्य तुझ्या तोंडी जाईल हे खरंच माझ्या डोक्यात आलं नाही. होडी कुठल्या अंगाला नेली, हे कोणी जाळ्याच्या मालकाला विचारत नाही. त्याचा वाटा तेवढा पोचवतात.

असो. मी संपादकांना पत्र टाकलंय. त्यांचं म्हणणं, नाव असं गुपचूप काढता येत नाही, "दुसऱ्या लेखिकेचे नाव तिच्या संमतीविना घालण्यात आले होते" असा खुलासा छापावा लागेल आणि त्यावर माझी सही लागेल. केली सही. सर थोडे गप्प गप्प आहेत, बाकी काही नाही. तू काळजी करू नकोस.

आमच्याकडे बसून तू चिंबोऱ्यांचा रस्सा भुरकला होतास, तो कोळणीनं केलेला, तोही श्रावणी सोमवारी, हे मी काकूंना अजून सांगितलेलं नाही. त्या तुझ्या उपासाचं कौतुक करत होत्या तेव्हा मी चकली तोंडात कोंबून बसले.

चंद्रा

&nbsp;

कल्याण
३ मार्च १९९१

रतन,

सोबत खुलाशाचं कात्रण आहे. साहेबांना दाखव. आता त्यांना बोलायला जागा राहिलेली नाही.

वरचा पत्ता बघून चक्रावली असशील. मी आता कल्याणला एका ज्युनिअर कॉलेजात अकरावीला शिकवते. ठाण्याहून रोजचं जाणं-येणं आहे, पण पोरं बरी आहेत. पीएच.डी. जरा लांबणीवर पडली. आईचे गुडघे दुखतात, घरात हाताशी कोणी नाही, मलाही थोडी उसंत हवी होती. तसं सगळं ठीक आहे.

कथील मात्र सोडलेलं नाही. इथल्या प्रयोगशाळेच्या मागे एक कोपरा आहे, तिथे मोडक्या बाकांच्या पलीकडे मी माझी शेगडी मांडली आहे. प्राचार्यांनी अट घातली, "आग लागता कामा नये आणि वास येता कामा नये." पहिली मी पाळते. दुसरीचं गंधकाला कोण समजावणार?

तुझा फवारा ठाण्याच्या प्रयोगशाळेतल्या कपाटातच राहिला. ती खोली आता माझी नाही, त्यामुळे मागायला गेले नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत परीक्षानळ्या करणारा गोविंदा म्हणून एक कारागीर आहे, त्याच्या भट्टीवर रविवारी जाऊन बसायचे. मी नळीमागून नळी फोडत गेले तसा तो मोठमोठ्यानं हसायचा. म्हणायचा, "बाई, फुगा नाय फुगवायचा, काच हाय ती!" अखेर एक जमला. तुझ्यासारखा बारीक नाही, मधेच थुंकतो, पण चालतो.

म्हणजे आता तुझं जाळं माझ्याकडे नाही. इथून पुढे जे काही करीन त्यात तुझा वाटा निघत नाही. नाव घालायचा प्रश्नच मिटला. तुला हवं होतं तसंच झालं.

मला मात्र ते मुळीच आवडलेलं नाही. नवा फवारा हातात आला तेव्हा आनंद व्हायला हवा होता. मी तो खोक्यात ठेवला आणि गोविंदाकडचा चहाही न पिता घरी आले.

चंद्रा

&nbsp;

कल्याण
५ मे १९९२

रतन,

वर्ष उलटून गेलं, तुझं उत्तर नाही. काकूंकडून कळतं तुझं. नेमणूक झाली, पुढच्या वर्षाचीही झाली, डोंगराच्या पायथ्याशी घर घेतलंस, बर्फ काढून काढून पाठ धरते. बरं वाटलं. पाठीचं नव्हे, नेमणुकीचं.

काकूंनी तुला माझंही लिहिलंच असणार. त्यांच्या पोटात काही राहत नाही. तेव्हा आता लपवण्यात अर्थ नाही. खुलासा छापून आल्यावर विद्यापीठाच्या समितीनं मला बोलावलं. दुसऱ्याचं नाव न विचारता घातलं म्हणजे आकडेही मनानेच घातले नसतील कशावरून, असं एकानं विचारलं. मी जाळ्याचा वाटा सांगायला लागले, तर सगळे घड्याळाकडे बघायला लागले. माझी नोंदणी रद्द झाली. आईचे गुडघे खरंच दुखतात, पण नोकरी मी त्यासाठी बदललेली नाही.

हे तुला दोषी वाटावं म्हणून लिहीत नाही. मी सही केली तेव्हा काय होऊ शकतं ते सरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. तुझी नेमणूक की माझी नोंदणी, असा प्रश्न होता. मला तो फार अवघड गेला नाही. तू माझी मैत्रीण आहेस.

आता काम. काकू ओळखीच्या कोणाबरोबर तुला मेतकूट आणि भाजणी पाठवताहेत. मेतकुटाच्या डब्यात, कापसात गुंडाळून, काचेचा एक तुकडा आहे. माझा. काचेवर पारदर्शक कथलाच्या ऑक्साइडचा थर, त्यावर कथील-गंधकाचा, पाठीमागे ग्राफाइटचा लेप. कॅडमियम कुठेही नाही. गच्चीवर उन्हात धरला की मीटरचा काटा हलतो, पण अगदी नाइलाजानं हलल्यासारखा. कुठे अडतंय ते कळायला चांगला सूक्ष्मदर्शक लागतो, आणि इथे मला कोणी आपल्या उपकरणाला हात लावू देत नाही. तू लाव. मोजून आकडा कळव. मैत्रीचं काही लिहायची सक्ती नाही, नुसता आकडा चालेल.

मेतकूट सांडून थराला नवे गुणधर्म आले तर तेही कळव.

चंद्रा

&nbsp;

ठाणे
५ नोव्हेंबर १९९३

प्रिय रतन,

तुझं निळं पत्र यंदा फेब्रुवारीत आलं. उत्तराला इतका उशीर केला कारण तू सांगितलंस ते करून बघितल्याशिवाय लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. बरोबरीनं रागही थोडा होता. नमस्कार नाही, चमत्कार नाही, वर तारीख आणि खाली आकडा. आकडाही कसला, शंभरातला एक हिस्सासुद्धा नाही, त्याचाही जेमतेम दहावा भाग. उन्हातल्या बाकीच्या सगळ्याचं माझी काच नुसतं लोणचं घालते.

पण त्याखाली तू पानभर लिहिलं होतंस. थराला भोकं आहेत, डोळ्यांना न दिसणारी. त्यांतून मागचा ग्राफाइट पुढच्या थराला जाऊन टेकतो आणि वीज तिथल्या तिथे मरते. फवारा सलग मारू नकोस, थोडा मार, थांब, काच पुन्हा तापू दे, मग मार. आणि मधे जस्ताच्या ऑक्साइडचा एक थर घाल. शेवटचं वाक्य होतं, "याला कॅडमियमची गरज नाही."

हे वाक्य तू लिहिलंस, रतन. कॉलेजच्या जिन्यात उभी राहून मी ते वाचलं आणि तिथेच पायरीवर बसून रडले. अकरावीची एक पोरगी धावत आली, "मिस, कोण गेलं?" मी म्हटलं, कोणी गेलं नाही गं, आलंय.

मे महिनाभर तुझ्या सांगण्याप्रमाणे थर चढवले. थांबून थांबून फवारायचं म्हणजे माझ्यासारखीला शिक्षाच. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे, तव्यावर भाकरी टाकली की मी ती उलटायची वाट बघत उभी राहू शकत नाही. पहिले काही मीच घाईनं बिघडवले. नंतर जमले. मग पाऊस लागला आणि ऊनच गेलं. काचा कापसात बांधून ठेवल्या आणि ऑक्टोबरची वाट बघत बसले.

ऑक्टोबरात, कल्याणात अंग भाजून निघेल असं ऊन पडलं तेव्हा, गच्चीवर एक काच धरली. काटा हलला तो थेट पुढे सरकत गेला. मला वाटलं मीटर बिघडला, म्हणून दुसरा आणला. तोही तसाच. मग सगळ्या चांगल्या काचा एकामागोमाग तारेनं जोडल्या आणि एका पोरीच्या कॅल्क्युलेटरमधला सेल काढून तिथे माझ्या तारा लावल्या. आकडे उमटले. फिके होते, पण उमटले. मी हातानं सावली केली की पुसट व्हायचे, हात काढला की परत यायचे.

"मिस, आत सेल नाहीये?" त्या पोरीनं विचारलं.

"नाही."

"मग काय आहे?"

"कथील आणि गंधक."

"बस्स, एवढंच?" ती म्हणाली. आणि मग सगळ्या जणी आळीपाळीनं सावली करून बघायला लागल्या. तुझ्या कॅडमियमपुढे हा पोरखेळच आहे, मला माहीत आहे. पण हा पोरखेळ मी त्या पोरींच्या हातात निर्धास्त देऊ शकले. डबा खायच्या आधी हात धुवा, एवढंसुद्धा बजावावं लागलं नाही. बजावलं, पण ते मास्तरणीच्या सवयीनं.

फणसे सरांना कळवलं. ते निवृत्त झालेत, तरी स्वतः कल्याणला आले, गच्चीचे जिने चढले, काटा बघितला. मग म्हणाले, "निबंध लिहा. छापून आला की समितीकडे तुमची नोंदणी पुन्हा उघडायला मी स्वतः जातो." आणि जिना उतरताना वळून म्हणाले, "एकटीच्याच नावानं लिहा हो. परत ती भानगड नको."

निबंध लिहून झालाय. सोबत प्रत आहे, सगळी वाच. पहिल्या पानावर कॅडमियमचं ते वाक्य याही वेळी आहे. कर्तव्यबिर्तव्य काढून टाकलंय, भाषा मऊ केली आहे, पण अर्थ तोच आहे. तो मी बदलणार नाही. तुझे साहेब अजून तेच आहेत, हे मला ठाऊक आहे. आणि समितीतले ते घड्याळवाले गृहस्थही अजून तिथेच आहेत, तेव्हा तुझं नाव दिसलं की मलाही पुन्हा प्रश्न विचारतील. सर म्हणतात त्यात शहाणपण आहे. एकटीचं नाव घातलं तर तुझंही काही जात नाही आणि माझंही.

पण कोरी जागा सोडून मी रोज ते पहिलं पान बघते आणि एकटीचं नाव हातानं लिहवत नाही.

काल आईला सांगितलं की रतनला विचारून बघते. ती भडकलीच. "इचारून? वाटा काय इचारून देतान का गो? तिला भिकारीण समजतंस?" मी म्हटलं, आई, तिच्या घरात न विचारणं हा अपमान असतो. "मंग तुझा अपमान कोन बघतंय?" म्हणाली आणि मासळी घेऊन बाजाराला निघून गेली. तिचंही खरं आहे. माझ्या घरात आजवर कोणी असं विचारलेलं नाही. लिहिताना मलाही ते जड जातंय. नकार ऐकायची मला सवय नाही आणि तुझा नकार मला एकदा मिळालेला आहे.

तू नाही म्हणालीस तर मी एकटीच्या नावानं छापीन, आणि तुझ्यावर रागावणार नाही. निदान तसा प्रयत्न करीन. पत्रं लिहायची थांबणार नाही. काकूंकडेही जात राहीन, त्यांचा चिवडा तुझ्या हो-नाहीवर अवलंबून नाही.

फवारा माझा आहे, काचा माझ्या आहेत. हिशेबानं बघितलं तर तुझा यात वाटा निघत नाही, आणि तू सांगितलेल्या युक्तीबद्दल शेवटी आभाराची एक ओळ पुरे झाली असती. ती मी लिहून बघितली. फार परकी वाटली. तुझं नाव माझ्या नावाशेजारी असावं, एवढंच मला हवंय. देणं म्हणून नाही. मला तू तिथे हवी आहेस म्हणून.

घालू का?

तुझी,
चंद्रा